गोष्टीत तुम्ही कोण? पात्र की वातावरण?

आधी एक सोपा प्रश्न. कथेचे घटक कोणते?

बारावीला मराठी घेतलं असेल तर उत्तर ओठांवर आलंच असेल. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. युवकभारतीत कथेवरचा तो परिचयाचा पाठ होता. त्याच्यामागे व. पु. काळेंची 'शोध' आणि प्रतिमा इंगोलेंची 'गढी'. आपण घटक पाठ केले, पेपरात उतरवले, मार्क घेतले. विषय संपला.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरातली, तुमच्या गावातली एक गोष्ट सांगा. पाचच मिनिटं.

का हो? गप्प का झालात?

तुमचा दोष नाही. आपल्याला कथा शिकवली ती उलट्या टोकानं. दहावीचं कथालेखन आठवा. मुद्दे आयते दिलेले. गरीब लाकूडतोड्या, नदी, प्रामाणिकपणा, बक्षीस. आपण फक्त रिकाम्या जागा भरायच्या, वर शीर्षक लावायचं आणि खाली तात्पर्य. वर्षानुवर्षं हे केल्यावर डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसतात. एक, गोष्ट ही दुसऱ्या कुणाची तरी असते. दोन, तिच्या शेवटी उपदेश नसेल तर मार्क कापले जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कथेचे घटक शिकवायलाच हवेत, पण व्याख्येपासून नको. आपल्या चौकापासून सुरू करा.

चला, आलापल्लीच्या चौकात उभे राहू. इथून एक रस्ता अहेरीला जातो, एक सिरोंच्याला, एक भामरागडला, एक आष्टीमार्गे चंद्रपूरला. समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. एक मुलगी बॅग घेऊन भामरागडच्या गाडीची वाट बघतेय. पर्लकोटेला पूर आला, रस्ता बंद झाला, मुलगी थांबली.

ही गोष्ट झाली का? नाही. ही फक्त बातमी झाली.

आता आपल्या झाडीतला एकच शब्द तिच्या मागे लावा. 'कायले?' ही पोरगी एवढ्या पावसात गावाकडे कायले निघाली? तिच्या कॉलेजच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख आहे आणि जातीचा दाखला घरी पेटीत राहिलाय. बघा, लगेच जीव आला. मघाशी नुसता नकाशावर असलेला पूर आता तिच्या वाटेत आडवा आला. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये हाच फरक सांगितला होता. एकामागून एक घडत गेलं तर ती नुसती घटनांची रांग. एकामुळे दुसरं घडलं तर ते कथानक. आपल्या आज्या फॉर्स्टर न वाचताही 'मंग? कायले?' विचारतच होत्या.

आता संघर्ष. हा शब्द ऐकला की आपल्याला मारामारी आठवते. पण खरा संघर्ष दोन्ही बाजू बरोबर असतात तिथे असतो. मे महिना घ्या. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्याच दिवसांचा. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर द्यायचे. अनेक घरांत वर्षभराचा रोख पैसा याच दिवसांत येतो, त्यामुळे प्रत्येक हात लागतो. आणि सीईटीसारख्या प्रवेश परीक्षाही उन्हाळ्यातच. आई म्हणते, थांब. पोरगी म्हणते, जाते. सांगा बरं, यात खलनायक कोण? कुणीच नाही. तरी घरात रात्रभर कुणाला झोप नाही. संघर्ष तो हाच. याची व्याख्या पाठ करावी लागत नाही, तो तुमच्या पोटात असतो.

पात्राचंही तसंच. 'सुस्वभावी, कष्टाळू, प्रेमळ' अशी विशेषणं लावून पात्र उभं राहत नाही. त्याला काय हवंय आणि ते मिळवायला तो काय सोडायला तयार आहे, एवढं कळलं की ते चालायला लागतं.

आता येतो तो घटक, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. वातावरण.

गडचिरोलीवरचा कुठलाही बाहेरचा लेख उघडा. पहिल्या दोन ओळींत 'घनदाट', 'दुर्गम', 'नक्षलग्रस्त' हे शब्द भेटतीलच. आमचा सागवान प्रसिद्ध आहे. आलापल्लीच्या वनवैभवाला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं. अभिमान आहेच. पण त्या लेखांत माणूस शोधा. तो असतो, पण झाडांसारखा. डोक्यावर मोळी घेऊन कडेनं जाणारा. त्याला नाव नसतं, इच्छा नसते, संवाद तर नसतोच. म्हणजे कथेच्या भाषेत सांगायचं तर तो पात्र नाही, तो वातावरण आहे.

2014 मध्येच प्रकाश आमटेंवरचा मराठी सिनेमा आला. हेमलकशात 1973 पासून उभं राहिलेलं काम खरंच मोठं, ते सांगायलाच हवं होतं. त्या गोष्टीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच दवाखान्याच्या ओसरीवर आजारी लेकराला घेऊन पायी आलेल्या माडिया बापाच्या बाजूनं तीच गोष्ट कशी दिसेल? तो रात्री निघाला तेव्हा कशाला घाबरला होता? वाटेत कुणी त्याला परत फिर म्हणालं का? ती गोष्ट मुंबईचा लेखक कितीही हुशार असला तरी बाहेरूनच लिहील. ती आतून लिहायची तर निवेदक इथलाच लागेल. तो निवेदक आज कदाचित अहेरीच्या एखाद्या कॉलेजात मागच्या बाकावर बसलाय आणि 'आपल्याकडे काय आहे लिहिण्यासारखं' म्हणतोय.

'पण गोष्टी सांगून नोकरी लागते का?' हा प्रश्न येणारच. रास्त आहे. उत्तर ऐका.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना जे पुरावे चालतात, त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे आजोबांनी सांगायचं आणि कुणीतरी ते नीट लिहायचं. कुठे, कधी, कोण, काय करत होतं आणि कायले. स्थळ, काळ, पात्र, कारण. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. ज्या गावाला आपली गोष्ट सलग सांगता येते, त्याचा दावा कागदावर उभा राहतो. गोंधळलेली गोष्ट फायलीत पडून राहते. मुलाखत असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की ग्रामसभेत उभं राहून बोलणं असो, सगळीकडे हेच.

आणि कला आपल्याला नवी आहे असंही नाही. धान निघालं की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. थंडीत, उघड्यावर, रात्रभर हजारो माणसं बसतात. गोष्ट ढिली पडली तर प्रेक्षक तोंडावर सांगतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मातीत लोक पहाटेपर्यंत गोष्टीसाठी जागतात, तिथल्या पोरांना कथेचे घटक गाईडमधून पाठ करावे लागतात, याची जरा गंमत वाटते आणि जरा वाईटही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. पहिल्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहू नका. पोरांना एक गोष्ट सांगू द्या. माडियात सांगू द्या, तेलुगूत, झाडीबोलीत सांगू द्या. 'गढी'तल्या माणसांना वऱ्हाडी चालते, तर आमच्या माणसांना आमची बोली का चालू नये? मग त्याच गोष्टीत बोट ठेवून दाखवा, हा बघ संघर्ष, हे बघ कथानक. नावं शेवटी. आणि कृपा करून तात्पर्य विचारू नका.

तुम्ही मात्र तासाची वाट बघू नका. आज रात्री आजीजवळ बसा. 'तू लग्न होऊन या गावात आलीस त्या दिवशी काय झालं?' एवढंच विचारा. ती थांबली की म्हणा, 'मंग?' ती पुन्हा थांबली की म्हणा, 'कायले?' मोबाइलवर रेकॉर्ड करा. उद्या त्याच्या दहा ओळी लिहून काढा, तिच्याच शब्दांत.

त्या दहा ओळींत तुमची आजी नावानिशी असेल. तिला काहीतरी हवं असेल. आणि जंगल तिच्या मागे उभं असेल, जिथे वातावरणानं असायला हवं तिथे.