हवाबंद पिशवी सैल का पडते?

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस अरबी समुद्र. अशा दमट परिसरात वसई-विरारकरांना पावसाळ्याची बेगमी टिकवणे कठीण जाते. खाखरे मऊ पडतात, डाळींना कुबट वास येतो. म्हणून चातुर्मासापूर्वी अनेक घरांत व्हॅक्यूम सीलर बाहेर निघतो. परंतु रात्री घट्ट आवळलेली पिशवी सकाळी सैल दिसली, की यंत्र बिघडले असा समज होतो. वास्तविक दोष बहुधा पिशवीच्या तोंडाशी असतो.

तो ओळखण्यासाठी रिकाम्या पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड सील करावे व ती पाण्याखाली दाबावी. सीलपाशी बुडबुडे आले, तर तेथे तेल, पीठ किंवा सुरकुती राहते असे समजावे. तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसावे, ताणून धरावे आणि थोड्या अंतरावर दुसरे सील घ्यावे. बुडबुडे आलेच नाहीत, तर खाखऱ्याच्या कडेने भरलेल्या पिशवीला छिद्र पडले असण्याचा संभव असतो. असे जिन्नस आधी कागदात गुंडाळावेत.

यंत्र हवाच ओढत नसेल, तर पिशवीचे तोंड आतल्या खाचेत पोहोचले आहे का, हे पाहावे. घरगुती यंत्राला बहुधा एका बाजूने नक्षीदार पिशवी लागते; गुळगुळीत पिशवीचे पदर एकमेकांना चिकटून हवेची वाट बंद होते. झाकणाखालील स्पंजाची पट्टी स्वच्छ असावी. ती चपटी वा भेगाळलेली असल्यास बदलावी. काम संपल्यावर झाकण दाबून बंद ठेवू नये, म्हणजे पट्टी चेपत नाही. पिठासारख्या जिनसांवर पिशवीच्या आत कागदी रुमाल ठेवल्यास भुकटी यंत्रात ओढली जात नाही.

लागोपाठ पिशव्या केल्यास तापपट्टी अतितप्त होऊन प्लास्टिक वितळते. दोन पिशव्यांमध्ये झाकण उघडे ठेवून मिनिटभर थांबावे. साफसफाईपूर्वी प्लग काढावा. विजेची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.

यंत्र हवा काढते, ओलावा नव्हे. पनीर, शिजवलेली भाजी असे ओलसर पदार्थ पिशवीत भरले तरी शीतकपाटातच ठेवावेत. काही घातक जंतू हवेविनाच वाढतात. श्वेतांबर परंपरेत मिठाईसाठी पावसाळ्यात सांगितलेली 15 दिवसांची मर्यादाही पिशवीमुळे वाढली असे मानू नये. शंका असल्यास गुरुभगवंतांना विचारावे. पिशवीवर तारीख अवश्य लिहावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जयणेची आहे. डाळी-कडधान्यांत जिवंत कीड राहिली, तर हवेअभावी ती पिशवीतच गुदमरते. म्हणून धान्य आधी चाळावे, उजेडात निवडावे, आढळलेले जीव हळुवारपणे सुरक्षित जागी सोडावेत आणि मगच कोरडे धान्य पिशवीत भरावे.