पाय बरा झाला, मग मॅच खेळला तर बिघडले कुठे?

गेले दोन महिने गट ऑफिसच्या ओट्यावर, गाडी सेंटरवर आणि चहाच्या टपरीवर एकच विषय चघळला जात आहे. तो विषय उसाच्या दुसऱ्या हप्त्याचा नाही की पाटपाण्याच्या पाळीचाही नाही. विषय आहे आपल्या मिल हाऊसमधल्या एका फिटरचा. फेब्रुवारीत, ऐन गळिताच्या धामधुमीत, हा माणूस शिडीवरून घसरला आणि त्याचा उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर कुबड्या, मग काठी. मे महिन्यात तो कामावर आला तो डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे हलक्या कामावर, म्हणजे स्टोअरमध्ये बसून नट-बोल्टांच्या नोंदी करायला. आणि मेअखेरच्या रविवारी खातेनिहाय क्रिकेट सामन्यात तो इंजिनिअरिंगकडून ब्याट घेऊन मैदानात उतरला! कुणीतरी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण केले, ते गावोगाव फिरले, आणि सभासदांनी जागच्या जागी निकाल देऊन टाकला, "कामाला पाय दुखतोय, आन् खेळायला दुखत नाय व्हय?"

असे बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही. कारखान्यात जो पगार वाटला जातो तो आपल्या उसाच्या पैशातून. शेअरची रक्कम आपण भरली, बिनपरतीची ठेव आपल्या बिलातून कापली गेली, तेव्हा कुणी फुकटचा बसून खातो की काय हे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे आणि तो राहिला पाहिजे. पण हक्क असणे वेगळे आणि निकाल बरोबर असणे वेगळे. या बाबतीत सभासदांचा निकाल चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिल हाऊसमध्ये पाळी म्हणजे काय असते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा हंगामात पहाटे चारच्या पाळीला आत जाऊन यावे. सलग आठ तास उभे राहणे. तेलाने आणि रसाने निसरडी झालेली लोखंडी जाळी, उभ्या शिड्या, हातात पाना, खांद्यावर चेन ब्लॉक, शेजारी टनावारी वजनाचे रोलर फिरताहेत. तिथे घोट्याने एकदा दगा दिला तर पडणारा एकटा पडत नाही, दुसऱ्यालाही घेऊन पडतो. म्हणून डॉक्टरांनी त्याला तिथे पाठवले नाही, आणि ते योग्यच केले. आता मैदानावर त्याने काय केले? मी तो सामना पहिल्या चेंडूपासून पाहिला आहे. तो सहाव्या नंबरला आला, अकरा चेंडू खेळला आणि नऊ रना काढल्या. चोरटी धाव एकही घेतली नाही. क्षेत्ररक्षणाला स्लिपमध्ये उभा राहिला, बोलिंग केली नाही. सगळे मिळून वीसेक मिनिटांची हालचाल, तीही सपाट जमिनीवर, आणि वाटेल तेव्हा थांबता येईल अशी. हे आणि मिलची पाळी एकाच मापाने मोजायचे तर मग वजनकाट्यावर दुधाची कॅन आणि उसाची ट्रॉली एकाच भावाने घ्या!

हाड जुळले म्हणजे पाय बरा झाला, हा आपला एक मोठा गैरसमज आहे. प्लास्टर काढल्यावर पोटरी कशी वाळलेल्या वाढ्यासारखी दिसते ते ज्यांच्या घरी असा पेशंट होऊन गेला त्यांना सांगायला नको. सांधा आखडलेला असतो, स्नायू गळालेले असतात, आणि त्याहून अवघड म्हणजे माणसाच्या मनातली भीती. आधी चालायचे, मग भरभर चालायचे, मग एका पायावर तोल सावरायचा, मग हळू पळायचे, आणि सगळ्यात शेवटी पळता पळता वळायचे. पळताना त्या घोट्यावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. या शेवटच्या पायऱ्या कॉटवर पडून चढता येत नाहीत. त्या कुठे तरी मोकळ्यावरच चढाव्या लागतात. डॉक्टरांनी त्याला पळण्याची परवानगी दिली होती, चिठ्ठी टाईम ऑफिसच्या फाईलला आहे. तेव्हा त्या रविवारी तो चैन करत नव्हता. मिलच्या शिडीवर परत जाण्याच्या आधीची पायरी तो चढत होता, असेच मी म्हणेन.

त्या सामन्यातली एक गोष्ट मात्र चित्रणात आलेली नाही, ती सांगतो. तो खेळायला आला तेव्हा त्याच्या कॅप्टनने पंचांकडे रनर मागितला. पंच होते हायस्कुलातले खेळाचे गुरुजी. त्यांनी साफ नकार दिला. क्रिकेटच्या कायद्यात रनर मिळतो तो सामन्यात इजा झालेल्या फलंदाजाला, घरून दुखणे घेऊन आलेल्याला नव्हे. (आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर २०११ सालापासून रनर बंदच झाला.) कॅप्टनने हुज्जत घातली, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, "द्या की वो गुरुजी, गावातलीच मॅच हाय!" गुरुजी हलले नाहीत. ते म्हणाले, "पळता येत असेल तर उतर. येत नसेल तर पुढच्या साली उतर." तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, पळतो की." मला वाटते, या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचे बोलणे या दोघांचेच झाले. कायदा करणाराने फार विचार केला आहे. अर्धा बरा झालेला माणूस मैदानात आणायचाच नाही, ही त्यामागची गोम आहे.

इथे कुणी अनिल कुंबळेचे नाव काढील, आणि टपरीवर ते निघालेही. २००२ साली अँटिग्वाला जबडा मोडलेला असताना तोंडाला पट्ट्या बांधून त्याने चौदा षटके टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केले. मोठाच पराक्रम! पण तो कसोटी सामना होता, देशाचा होता, आणि ते झाल्यावर कुंबळे उपचारासाठी घरी परतला, पुढच्या सामन्याला उभा राहिला नाही. लोक पट्टी लक्षात ठेवतात, विमान विसरतात. मला त्यापेक्षा सचिन तेंडुलकरचे उदाहरण आपल्या कामाचे वाटते. कोपराचे दुखणे होते, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. पाच महिने तो माणूस थांबला. सारा देश वाट पाहत होता, तरी थांबला. आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध उतरला तेव्हा ९३ काढल्या. तिसरे नाव नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे. १९६२ साली बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव वाचला तो दैवाने आणि रक्त देणाऱ्यांच्या पुण्याईने. पुढे ते प्रथम श्रेणीचे सामने खेळले, पण हिंदुस्थानच्या संघात त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. परत येणे प्रत्येकाच्या नशिबी सारखे नसते.

आपण शेतकरी माणसे. बैलाचा खांदा आला तर आपण काय करतो? हळद-तेल लावतो, जू बाजूला ठेवतो, शेजाऱ्याचा बैल उसना आणतो, पण त्या खांद्यावर जू ठेवत नाही. खांदा भरून आला की एकदम उसाच्या गाडीला जुंपत नाही, आधी मोकळी गाडी ओढायला लावतो. त्या मोकळ्या गाडीला कुणी म्हणत नाही की, "बैल लबाड आहे, मोकळी ओढतो आणि भरलेली ओढत नाही." बैलाला जो न्याय, तो फिटरला का नसावा?

आता दुसरी बाजू. आपल्या सामन्यांत सगळेच काही या फिटरसारखे सरळ नसते. खात्याखात्यांत ईर्षा आहे, ढालीसाठी जीव टाकतात, आणि कॅप्टन बहुतेक वेळा खात्यातला साहेबच असतो. साहेबाने "रविवारी यायचं बरं का" म्हटले की खलाशी नाही म्हणेल काय? केन यार्डातल्या एका पोराचा खांदा निखळलेला होता. तो नुसता बसवला होता, भरून आला नव्हता. अंतिम सामन्याला बोलर कमी पडला म्हणून त्याला चार षटके टाकायला लावली. खांदा पुन्हा निखळला. एकदा सुटलेला खांदा पुन्हा सुटायला वेळ लागत नाही, हे कुठल्याही हाडवैद्यालाही ठाऊक आहे. त्या पोराला आज डोक्यावर हात नेता येत नाही, आणि हंगाम तोंडावर आला आहे. ढाल मात्र खात्याच्या कपाटावर दिमाखात उभी आहे. ज्या सभासदांना फिटरचे नऊ रन खुपले त्यांना हे खुपले नाही, याचे मला नवल वाटते.

आणि त्या पोराचा खर्च कुणी करायचा? कामावर असताना व कामामुळे झालेल्या इजेला भरपाई, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. रविवारची मॅच त्यात बसते की नाही यावर वकील मंडळी चार तारखा सहज घालवतील. १९४८ साली कामगार विम्याचा कायदा झाला तेव्हा साखरेचे हंगामी कारखाने त्यातून बाहेर ठेवले गेले. म्हणजे पोराच्या बापाने सोसायटीचे कर्ज काढायचे! मंडप, लाऊडस्पीकर, ढाली आणि पाहुण्यांचे फेटे यांवर आपण पैसा खर्च करतो, तर खेळणाऱ्यांचा अपघात विमा त्या खर्चात का धरू नये? माझे तर मत आहे की एक साल फेटे नसले तरी चालतील.

जाता जाता एक. हलके काम, चिठ्ठी, प्लास्टर, हे सारे हजेरीपटावरच्या माणसाला. आपल्या फडात कोयता पायावर बसलेली बाई चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी मोळ्या वाहते, कारण कोयता बंद पडला तर उचल फिटत नाही. तिला कुणी हलके काम दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा विषय मोठा आहे, वेगळा लिहावा लागेल.

माननीय संचालक मंडळाकडे मागणी अशी की पुढील सालापासून आजारी किंवा जखमी रजेवरून आलेल्या कामगाराला कारखान्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय संघात घेऊ नये, आणि ती परवानगी कॅप्टनने नव्हे तर खेळाडूने स्वतः आणावी. नाही म्हणणाऱ्याच्या हजेरीवर किंवा बढतीवर त्याचा डाग येऊ नये. विम्याची रक्कम सामन्यांच्या अंदाजपत्रकातच धरावी. वार्षिक सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत मी मांडणार आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी टपरीवर न बोलता तिथे उठून बोलावे, मी ऐकून घेईन.

फिटरबद्दल विचारणाऱ्यांसाठी: जुलैच्या एक तारखेपासून तो ओव्हरहॉलिंगला मिल हाऊसमध्ये हजर आहे. तिसऱ्या मिलचा रोलर बसवायला शिडीवर तोच चढला होता.

— एक ऊस उत्पादक सभासद