गोम्यात लढाई, पण सुरतच्या घंटीला धोका दुसरीकडून

सुरत : काँगोत लढाई पेटली की सुरतच्या हिरा बाजाराला कच्च्या मालाची काळजी वाटणं साहजिक आहे. पण आधी नकाशा बघायला हवा.

मुळात काँगो दोन आहेत. नदीच्या एका काठावर किन्शासा, समोर ब्राझाव्हिल; दोन्ही राजधान्या, देश वेगळे. बातम्यांत असतो तो किन्शासावाला. २३ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांशाहून मोठा, लोकसंख्या १० कोटींच्या वर. १९६० पर्यंत बेल्जियमचा ताबा, नंतर १९६५ ते १९९७ मोबुतूची एकहाती सत्ता. खनिज दोघांच्याही काळात बाहेर गेलं, गावं तशीच राहिली.

एम२३ बंडखोरांनी जानेवारी २०२५ मध्ये गोमा घेतलं, फेब्रुवारीत बुकावू. हा सगळा पूर्वेचा, रवांडाला लागून असलेला पट्टा. तिथे कोल्टन, कथिल, सोनं निघतं. हिरा निघतो तो कसाई भागात, म्बुजी-मायीच्या आसपास, गोम्यापासून शेकडो किलोमीटर दूर.

तिथे बहुतेक खणणं हातानेच, फावडं आणि चाळणी घेऊन. माल जास्त करून औद्योगिक प्रतीचा. कॅरेटला सरासरी वीस डॉलरही येत नाहीत, बोत्सवानाच्या मालाला शंभराच्या वर मिळतात. असला बारीक, डागी खडा युरोपात घासायचा तर मजुरीच परवडत नाही. सुरतच्या घंटीवर त्यातलाच निवडक माल दागिन्यात बसतो. खरं तर अशा बारीक मालावरच सुरत मोठं झालं!

कागदपत्रांची व्यवस्था आहे. २००३ पासून किम्बर्ली प्रोसेसच्या सर्टिफिकेटशिवाय सदस्य देशांना कच्च्या हिऱ्याची आयात-निर्यात करायला बंदी आहे. २००४ मध्ये ब्राझाव्हिलवाल्या काँगोला त्यातून बाहेर काढलं, कारण तिथे निघत होता त्यापेक्षा कितीतरी जास्त हिरा निर्यात होत होता. नदीपलीकडचा माल, दुसरं काय? २००७ मध्ये परत घेतलं. पण हे सर्टिफिकेट बघतं ते एवढंच की हिऱ्याचा पैसा बंडखोरांकडे जात नाही ना. खणणाऱ्याच्या हातात काय पडलं, खड्ड्यात पोरं उतरली होती का, हे ते विचारत नाही.

सुरतच्या कारागिराला खरा फटका बसला तो वेगळ्याच बाजूने. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्यात लॅबमधला स्वस्त हिरा, जो सुरतेतच बनतो. लिंबायत-डिंडोलीतली खान्देशी माणसं कापडाच्या मिलमध्ये जास्त, पण घंटीवरही आहेत, आणि तिथे बहुतेक मजुरी नगावर असते. घंटी थांबली की पैसे थांबले. इथली मागणी घटली की कसाईतल्या खड्यालाही भाव मिळत नाही, मग तिकडे लढाई असो वा नसो.