रूट कॅनालचा दावा आणि आपले कागद

वाळूजच्या एका कारखान्यातला कामगार. वरची डावी पहिली दाढ, २६ नंबर. पल्प नेक्रोटिक, पॅलेटल रूटच्या टोकाशी ठसठशीत रेडिओल्युसन्सी. आमच्या वाचक-डॉक्टरांनी एमबी-टू शोधून व्यवस्थित रूट कॅनाल केले, क्राउन बसवला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दंतोपचाराचा ओपीडी लाभ स्पष्ट लिहिलेला होता, म्हणून रुग्णाने बिल पाठवले. उत्तरात किमान चोवीस तास भरती असल्याचे कागद मागितले. डॉक्टरांनी पत्र लिहून समजावले, तर दुसऱ्या उत्तरात उपचारच सौंदर्यवर्धक ठरला आणि दावा निकालात निघाला.

सिल्लोड, पैठण, जालना, सगळीकडून याच धाटणीची पत्रे येत आहेत. रूट कॅनालसाठी इनडोअर पेपर मागणाऱ्या अधिकाऱ्याने डेंटल चेअर तरी पाहिली आहे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. तो रास्तच आहे.

असाच संसर्ग खालच्या दाढेत असेल आणि ती तशीच सोडली तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोके मायलोहायॉइडच्या खाली असतात. तिथला पू सबमँडिब्युलर स्पेसमध्ये उतरतो आणि दोन्ही बाजूंना पसरला की लुडविग्ज अँजायना होतो. मग रुग्ण घाटीत किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात दाखल होतो. श्वासमार्ग सांभाळायचा, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचे, गळ्याखाली छेद देऊन पू काढायचा, कधी आयसीयू, कधी ट्रॅकिऑस्टॉमी. आता मात्र चोवीस तासांची अट पूर्ण होते आणि दावा विचारात घेतला जातो. काही हजारांत आटोपणारा उपचार नाकारायचा आणि जिवावर बेतल्यावर मोठे बिल भरायचे, हा कारभार विमा कंपनीच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण तिचीही घडण भरती होणाऱ्या रुग्णाभोवतीच आहे. परिणाम आपल्या ओपीडीत रोज दिसतो. वाचण्यासारखी दाढ घेऊन आलेला माणूस खर्च ऐकतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, काढूनच टाका.’

मोतीबिंदू काढून माणूस त्याच दिवशी घरी जातो. तिथे कोणी चोवीस तास मोजत बसत नाही, कारण ती शस्त्रक्रिया डे-केअर म्हणून मान्य झाली आहे. रूट कॅनालला हा न्याय का नाही? कारण दात वाचवणे ही हौस आहे, हा समज कार्यालयांत अजून पक्का आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलला केलेल्या भाषणानंतर फोकल इन्फेक्शनच्या नावाखाली पुढची कित्येक वर्षे वाचू शकणारे दातही काढले गेले. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांचे पल्प उघडे केले. जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या उंदरांत वर डेंटिनचा पूल तयार होऊन पल्प जगला. नेहमीच्या उंदरांत तो सडला आणि अ‍ॅब्सेस झाले. प्रश्न जंतूंचा आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले. रूट कॅनाल हा हाडापर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गावरचा उपचार आहे. त्याला सौंदर्यवर्धक म्हणणे हे निव्वळ अज्ञान आहे, आणि ते नाकारण्याच्या पत्रावर सही-शिक्क्यानिशी येते याची चीड आहे.

पण या पत्रांसोबत आलेली बिलेही आम्ही पाहिली. निम्म्याहून अधिक बिलांवर ‘आरसीटी + कॅप’ एवढेच लिहिलेले. दाताचा नंबर नाही, निदान नाही, व्हायटॅलिटी टेस्टची नोंद नाही. आरव्हीजी कॉम्प्युटरमध्ये पडून, रुग्णाच्या हातात काहीच नाही. असा कागद कोणाच्या बळावर मान्य करायचा?

आणि कागदाच्या मागे कामही आहे. रबर डॅम १८६४ पासून उपलब्ध आहे, तरी आपल्यातले कितीतरी जण अजून कापसाच्या बोळ्यांवर हायपोक्लोराइट वापरतात. इरिव्हर्सिबल पल्पायटिसला दात न उघडता पाच दिवसांच्या अँटिबायोटिकवर रुग्णाची बोळवण करणारेही कमी नाहीत. तिथे या गोळ्यांचा उपयोग नाही, हे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ सांगितले आहे. कळ थांबते, कारण पल्प मरतो. रुग्णाला वाटते बरे झाले, आणि काही महिन्यांनी तो सुजलेला गाल घेऊन येतो. आपणच गोळीवर भागवत असू, तर दात उघडणे ही वैद्यकीय गरज आहे हे कारकुनाला कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून विनंती, आणि ती आग्रहाची आहे. या महिन्यापासून प्रत्येक रूट कॅनालच्या केस पेपरवर एफडीआय नंबर, पल्पचे आणि पेरिएपायकल निदान, वर्किंग लेंग्थ आणि प्रत्येक भेटीची तारीख लिहा. आधीचा, मधला आणि ऑब्च्युरेशननंतरचा एक्स-रे रुग्णाला द्या. प्रमाणपत्रात साध्या मराठीत लिहा : ‘दाताच्या आतील मज्जा जंतुसंसर्गाने निकामी झाली असून संसर्ग मुळाच्या टोकापलीकडील हाडात पोहोचला आहे. हा उपचार संसर्ग काढण्यासाठी आवश्यक आहे.’ हाडापर्यंत गेलेला नसेल तर तसे लिहू नका; जेवढे खरे तेवढेच लिहा.

पॉलिसीतच दंतोपचार वगळलेला असेल तर ते रुग्णाला दात उघडण्यापूर्वी सांगा. लाभ असूनही दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायला लावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. हे आपल्या रुग्णांना माहीत नसते. ते आपणच सांगितले पाहिजे.

आणि नाकारलेल्या दाव्यांची पत्रे, रुग्णाचे नाव झाकून, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. ती एकत्र करून आम्ही विमा नियामक प्राधिकरणाला आणि राज्याच्या आरोग्य विभागाला निवेदन देणार आहोत. मागणी एकच आहे : रूट कॅनालला डे-केअर उपचार म्हणून मान्यता द्या. दोन-चार पत्रांवर कोणी हलणार नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यातून पत्रे आली पाहिजेत.