पाठीखालची थंडी

२ जानेवारीला उजाडायच्या आधीच सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमू लागतात. १९४३ साली याच दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इथं वीरमरण आलं. अभिवादनाला येणारे काही गट आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचतात, आणि हल्ली त्यांत तंबू न लावता झाडांना हॅमॉक बांधणारेही दिसतात. मुरबाड-शहापूरच्या रानात ते सोयीचंही आहे. माहुलीचा पायथा घ्या किंवा देहरीहून गोरखगडाकडे जाणारी वाट घ्या, साग-ऐनाची दोन दमदार खोडं हव्या त्या अंतरावर मिळतात. दगडगोट्यांच्या उतारावर सपाट जागा शोधत बसावं लागत नाही. अडचण कळते ती पहाटे तीनला. अंगावर स्लीपिंग बॅग असते, कानटोपी असते, पायांत मोजे असतात, आणि तरी पाठ गारठलेली असते.

ट्रेकच्या हंगामाच्या तोंडावर लीडर मंडळींशी या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय अर्धाच खरा आहे. ‘चंदेरी शीट अंथरा, अंगाची ऊब परत अंगाला मिळते,’ एवढ्या भरवशावर नवख्या पोरांना रात्रभर झाडाला टांगणं मला धोक्याचं वाटतं.

आधी पाठ गार का पडते ते पाहू. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या कापडात नसते, तिच्या फुगीरपणात अडकलेल्या हवेत असते. आपण झोपलो की पाठीखालची बाजू चेपते आणि ती हवा निघून जाते. जमिनीवर निदान खालून वारा लागत नाही. हॅमॉकमध्ये पाठ आणि वारा यांच्यामध्ये उरतो तो नायलॉनचा एक पातळ पदर. थंडीच्या लाटेत आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. हिमालयात जाऊन आलेल्याला तो आकडा किरकोळ वाटेल, पण रात्रभर वाहत्या वाऱ्यात घामेजलेल्या बनियनवर तो किरकोळ राहत नाही.

आता चंदेरी शीट. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देण्याचं हे तंत्र नासानं अंतराळासाठी विकसित केलं. तिथं हवाच नाही, त्यामुळे उष्णता बहुतांशी किरणांच्या रूपानंच ये-जा करते, आणि अशा किरणांचा फार मोठा भाग चकचकीत ॲल्युमिनियम परतवतं. आपल्या रानात मात्र उष्णता वाऱ्यासोबतही जाते आणि स्पर्शानंही जाते. घरी करून पाहा. शीटसमोर बोटभर अंतरावर तळहात धरा, ऊब परत येताना जाणवेल. मग तोच तळहात शीटवर दाबा, ती गार लागेल. म्हणजे शीट आणि अंग यांच्यामध्ये हवेची फट असेल तरच तिचा चंदेरीपणा कामाचा, आणि हॅमॉकमध्ये पाठीखाली अंथरलेल्या शीटवर तर आपलं सगळं वजन असतं. शिवाय तिच्यातून वाफ जात नाही. कातडीतून नकळत निघणारी वाफ दिवसाला तीनशे-चारशे मिलिलिटर भरते. रात्रीचा तिचा वाटा शीटवर दवासारखा जमतो आणि कपडे ओले करतो. ओली पाठ कोरड्या पाठीपेक्षा कितीतरी लवकर ऊब गमावते.

आपल्या भागातल्या माणसांना याचं मर्म कधीचं ठाऊक आहे. शेताच्या राखणीला माचावर झोपणारा शेतकरी अंगावरच्या घोंगडीआधी खाली पेंढ्याचा जाड थर घालतो. झोळीत बाळ ठेवताना आई आधी आत गोधडीची घडी सारते. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत आणि गोधडीच्या पदरांत अडकलेली हवाच ऊब धरते. हॅमॉकलाही हाच क्रम लावावा: आधी वारा अडवा, मग न चेपणारा हवेचा थर द्या, आणि चंदेरी बाजूची पाळी त्यानंतर.

पत्र्याच्या छपराखाली लावतात ती चंदेरी फोमची शीट हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्या फोममध्ये बंद बुडबुडे असतात, त्यामुळे ती अंगाखाली फारशी चेपत नाही. पण नेहमीच्या कॅरीमॅटएवढी कापली तर ती अरुंद पडते, आणि हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन खांद्यांना चिकटतं. म्हणून खांद्यांशी एक आडवा तुकडा कापडी टेपनं जोडावा, रुंदी मीटरभर व्हावी. हॅमॉक दोन पदरी असेल तर शीट त्या पदरांच्या मध्ये सारावी, म्हणजे झोपेत सरकत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे शीट हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगणं. चंदेरी बाजू वर ठेवा, कडांना इलॅस्टिक ओवा, आणि शीट व कापड यांत दोन बोटांपेक्षा जास्त फट ठेवू नका. इथं शीटवर वजन येत नाही, हवेची फट टिकते, आणि चंदेरी बाजू खरोखर काम करते. फट मोठी झाली की तिच्यातून वारा खेळतो, म्हणून दोन्ही टोकं आवळलेली हवीत. गाडी तळापर्यंत येत असेल तर चार बंद लावलेली गोधडीही खालून टांगता येते, मात्र ती दवात भिजू देऊ नका.

डिसेंबरात पाऊस नाही म्हणून वरची ताडपत्री घरी ठेवण्याची सवय सोडायला हवी. निरभ्र रात्री उघडं आकाश आपल्या अंगाची उष्णता सतत ओढून घेत असतं. दाट झाडोरा किंवा खाली ओढून बांधलेली ताडपत्री ते थांबवते आणि दवही अडवते. जागा ओढ्याकाठी नको, गार हवा खाली साठते. खिंडीच्या तोंडाशीही नको. उताराच्या मधल्या पट्ट्यात, वाऱ्याच्या आडोशाला हॅमॉक बांधा. तानसा आणि भीमाशंकर अभयारण्यांच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामच नको. आणि नायलॉनच्या हॅमॉकजवळ शेकोटी कधीही नको.

पाठीखाली थर नसलेला हॅमॉक कोणत्याही शिबिरानं भाड्यानं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलं आणि पहिल्यांदाच रानात आलेले यांना शाळेच्या पडवीत, पेंढ्यावर झोपवा.

येत्या १ जानेवारीच्या रात्री लीडरनं तीनचा गजर लावावा. हेडटॉर्चचा उजेड कुणाच्या डोळ्यांवर न पाडता प्रत्येक हॅमॉकखालून हात फिरवावा आणि खांद्यांशी, कमरेशी चाचपावं. कापड गार आणि ओलसर लागलं तर आत झोपलेल्याला उठवून बोलतं करावं. शब्द अडखळत असतील, किंवा मघाशी कुडकुडणारा आता कुडकुडायचा थांबून गप्प झाला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला खाली उतरवा, कोरडे कपडे चढवा, जाड अंथरुणावर दोघांच्या मध्ये झोपवा, आणि त्याच्या अंगाभोवती वरून ती चंदेरी शीट गुंडाळा.