घरातील नियमावली आणि माघारीचा हक्क

दोन प्रौढ व्यक्तींनी एकत्र राहताना घरात कोणी कोणाला कसे संबोधायचे, सकाळचा चहा कोणी आणून द्यायचा, मोठ्या खर्चाआधी कोणाची परवानगी घ्यायची आणि नियम मोडल्यास कोणती शिक्षा पत्करायची, हे सारे आपखुशीने ठरवून घेतले, तर तो त्यांचा खासगी मामला मानायचा की अत्याचाराचेच एक सभ्य रूप? एकाने आज्ञा द्यायची आणि दुसऱ्याने ती पाळायची, या उभयमान्य पायावर उभ्या असलेल्या 'वर्चस्व-समर्पण' नात्यांनी हा प्रश्न उपस्थित केला आहे. २०११ साली आलेल्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या कादंबरीने हा विषय घरोघरी पोहोचवला. २०१५ मध्ये तिच्यावरील चित्रपटाला भारतात सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. कादंबरी मात्र शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत उघडपणे विकली जात होती. पण कादंबरीतील श्रीमंती आणि झगमगाट यांच्याआड मूळ प्रश्न झाकला गेला. तो चाबकाचा नसून रोजच्या घरगुती व्यवहाराचा आहे.

नियमावलीचे स्वरूप

अशी नाती जगणाऱ्या मंडळींमध्ये या घरगुती नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात. त्याच्या पायऱ्या असतात. पाहुणे आलेले असताना किंवा चारचौघांत तो जवळजवळ दिसू नये इतका सौम्य ठेवला जातो. घरात दोघेच असताना संबोधन, बसण्या-उठण्याची पद्धत, पोशाख, कामांची वाटणी असे सारे काटेकोर होते. वर्चस्व गाजवणारी व्यक्ती पुरुषच असते असेही नाही. या नियमांइतकेच महत्त्व मर्यादांना असते. कोणती गोष्ट कधीही करायची नाही याची यादी आधी ठरते, सारे तत्काळ थांबवण्यासाठी एक संकेतशब्द ठरतो आणि काही काळाने दोघांनी बरोबरीच्या नात्याने बसून नियमांचा फेरविचार करावा, अशी अपेक्षा असते. 'सुरक्षित, विवेकी आणि संमतीपूर्वक' हे या वर्तुळातील सर्वपरिचित सूत्र १९८३ साली न्यू यॉर्कमध्ये पुढे आले.

असे नियम लेखी करण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. ऑस्ट्रियन लेखक लिओपोल्ड फॉन साखर-मासोख याने १८६९ मध्ये फॅनी पिस्टोर या स्त्रीशी सहा महिन्यांचा करार करून स्वतःला तिचा गुलाम म्हणवून घेतले. पुढच्याच वर्षी 'व्हीनस इन फर्स' ही त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि कालांतराने त्याच्या नावावरून 'मॅसोकिझम' हा शब्द रूढ झाला. या करारातील अटी आजही बोलक्या ठरतात. गुलामाला स्वतःच्या कामासाठी रोज सहा तास मोकळे मिळावेत, त्याची पत्रे व लेखन मालकिणीने वाचू नये आणि माणूस व नागरिक म्हणून त्याची अप्रतिष्ठा होईल असे काही त्याच्याकडून करवून घेऊ नये, असे त्यात लिहिले होते. संपूर्ण शरणागतीच्या त्या कागदावरही मुदत होती, खासगीपणा होता आणि स्वाभिमानाची राखीव जागा होती.

रोगाच्या यादीतून बाहेर

वैद्यकशास्त्राने हा विषय दीर्घकाळ विकृतीच्या खात्यात टाकला होता. ते चित्र गेल्या काही दशकांत बदलले. डेन्मार्कने १९९५ मध्ये, तर स्वीडनने २००९ मध्ये आपल्या अधिकृत रोगसूचीतून हे निदान वगळले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने वेगळी लैंगिक आवड आणि मानसिक विकार यांत स्पष्ट भेद केला. संबंधित व्यक्तीला त्यापासून त्रास होत असेल किंवा संमती नसलेल्या व्यक्तीला इजा पोहोचत असेल तरच विकार मानावा, अशी भूमिका घेतली. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातूनही संमतीवर आधारलेला हा प्रकार वगळला गेला. कायम राहिला तो केवळ दुसऱ्यावर लादलेल्या क्रौर्याचा विकार. थोडक्यात, वैद्यकशास्त्राची रेषाही आता कृतीपेक्षा संमतीभोवती फिरते.

न्यायालयांची रेषा

न्यायालयांनी मात्र ही रेषा वेगळ्या ठिकाणी आखली. इंग्लंडमध्ये १९८७ साली पोलिसांच्या हाती एक चित्रफीत लागली आणि त्यातून प्रौढ पुरुषांच्या एका गटावर खटला उभा राहिला. कोणाचीही तक्रार नव्हती, कोणालाही वैद्यकीय उपचार घ्यावे लागले नव्हते. तरीही मार्च १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला, की शरीराला प्रत्यक्ष इजा होत असेल तर संमती हा बचाव ठरत नाही. 'आर विरुद्ध ब्राऊन' या नावाने तो ओळखला जातो. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही फेब्रुवारी १९९७ मध्ये या शिक्षांमुळे खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला नसल्याचे म्हटले. दरम्यान १९९६ मध्ये पत्नीच्या इच्छेवरून तिच्या शरीरावर तापलेल्या सुरीने आपली आद्याक्षरे उमटवणाऱ्या पतीची शिक्षा इंग्लंडच्याच अपील न्यायालयाने रद्द केली. पती-पत्नींच्या घरातील हा खासगी व्यवहार फौजदारी चौकशीचा विषय नाही, असा त्या निकालाचा आशय होता. या दोन निकालांतील विसंगतीवर ब्रिटनमध्ये आजही टीका होते.

या वादाला दुसरी, अधिक गंभीर बाजू आहे. स्त्रियांच्या मृत्यूच्या अनेक खटल्यांत 'तिचीच संमती होती' असा बचाव मांडला गेला आणि त्याविरुद्ध ब्रिटनमध्ये मोहीम उभी राहिली. परिणामी २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने लैंगिक सुखासाठी गंभीर इजा करताना संमती हा बचाव असणार नाही, हे इंग्लंड आणि वेल्ससाठी लिखित स्वरूपात नोंदवले. मेलेल्या व्यक्तीला आपली संमती कुठपर्यंत होती हे सांगता येत नाही, हे त्यामागचे साधे सत्य होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच आणखी एक तत्त्व स्पष्ट केले होते. लैंगिक कृतीसाठी आगाऊ दिलेली संमती पुरेशी नाही. कृती चालू असताना प्रत्येक क्षणी ती व्यक्ती शुद्धीवर आणि राजी असली पाहिजे.

हे सर्व निकाल एकेका प्रसंगाबद्दलचे आहेत. घरातील नियमावलीची अडचण वेगळी आहे. प्रसंगाला सुरुवात आणि शेवट असतो; घर चोवीस तास चालते. परवानगी, हिशेब आणि शिक्षा यांची सवय जडली, की संमती कोठे संपली आणि धाक कोठे सुरू झाला हे त्या घरातील व्यक्तीलाही कळेनासे होऊ शकते. अमेरिकी अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात नेमक्या याच प्रकाराकडे लक्ष वेधले होते. मारहाण नसतानाही पैसा, पोशाख, भेटीगाठी आणि दिनक्रम यांवर ताबा मिळवून जोडीदाराचे स्वातंत्र्य हिरावता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये असे नियंत्रण हा गुन्हा ठरला आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. जोडीदाराच्या मनात हिंसेची भीती वारंवार निर्माण झाली का, किंवा त्याचे दैनंदिन जीवन कोलमडले का, हे त्यात पाहिले जाते. म्हणजेच नियम कोणता होता यापेक्षा त्याचा परिणाम काय झाला, याला महत्त्व आहे.

भारतीय कायद्याचे मौन

भारतात या नात्यांविषयी स्वतंत्र कायदा नाही. गंमत अशी, की १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ८७ इंग्लंडमधील ब्राऊन निकालापेक्षा उदार होते. अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू वा तशी जाणीव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही, असे ते कलम सांगे. कायद्यात उदाहरण दिले होते ते करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २५ मध्ये आहे. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कलम २८ बजावते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला, ही बाबही अशा जोडप्यांच्या बाजूची आहे.

परंतु लेखी कराराचा आधार कोणी धरू नये. 'बाल्फोर विरुद्ध बाल्फोर' या १९१९ च्या इंग्लिश निकालाने पती-पत्नीतील घरगुती बोलीला सहसा कायदेशीर बंधन नसते हे तत्त्व घालून दिले आणि भारतात कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवले जाते. शिवाय अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध हेतू असलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार रद्दबातल ठरतो. त्यामुळे अशा कागदाने आज्ञा देणाऱ्याला कोणताही हक्क मिळत नाही.

खरी त्रुटी दुसरीकडे आहे. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही, हा अपवाद नव्या संहितेच्या कलम ६३ मध्येही कायम आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये याच मुद्द्यावर मतभेद झाले होते. ज्या नात्यात संकेतशब्द उच्चारताच सारे थांबले पाहिजे असा दंडक आहे, त्या नात्यातील विवाहित स्त्रीने तो उच्चारला आणि पतीने ऐकला नाही, तर बलात्काराचा कायदा तिच्या मदतीला येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तिला दाद मागू देतो. त्यात लैंगिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. मात्र तो फक्त स्त्रियांसाठी आहे; समर्पित भूमिकेतील पुरुष त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

कसोटी कोणती?

नियम पाहून निवाडा करायचा म्हटले, तर मराठी घरांनाही हात राखूनच बोलावे लागेल. पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, घ्यायचेच तर उखाण्यात घ्यायचे. पुरुषांची पंगत उठल्यावर जेवायचे. माहेरी जायचे तर विचारून जायचे, हाही एक प्रोटोकॉलच होता आणि अनेक घरांत त्याचे अवशेष आजही आहेत. फरक इतकाच, की त्यासाठी सुनेची संमती कोणी कधी विचारली नाही आणि तिच्यापाशी संकेतशब्दही नव्हता. वर्चस्व-समर्पण नात्यात संमती निदान विचारली जाते. पण ती एकदा विचारून भागत नाही.

म्हणून खरी कसोटी माघारीची आहे. नियम नको म्हटल्यावर तो त्याच दिवशी थांबतो का? नाही म्हणणाऱ्याला अबोला, अपमान किंवा घराबाहेर पडण्याची भीती सोसावी लागते का? स्वतःचे बँक खाते, कागदपत्रे, मोबाइल, मित्रमंडळी आणि माहेर त्या व्यक्तीच्या हाती आहेत का? खर्चाची परवानगी मागणे हा ठरवून खेळलेला व्यवहार असू शकतो. पण पगाराचे कार्ड दुसऱ्याच्या खिशात असेल, तर ती परवानगी उरत नाही, लाचारी होते. संकेतशब्दाला किंमत येते ती तो उच्चारणाऱ्याला जायला दुसरी जागा असेल तरच.

साखर-मासोखच्या गुलामाला रोज सहा तास स्वतःचे होते. एकविसाव्या शतकातील कायद्याने आणि कुटुंबसंस्थेने त्याहून कमी मागणे शोभणारे नाही. दाराच्या आत प्रौढांनी कसे वागावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. ते दार आतून उघडता येते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र समाजाची आणि कायद्याची आहे.