जाड पीक, बारीक कण?

राजुरीच्या शिवारात पीक म्हटलं की कांदा, ऊस डोळ्यांपुढे येतो. प्रयोगशाळेत मात्र ‘पीक’ म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखातला सुळका. तो रुंद आला की विद्यार्थी खूश: कण नॅनो झाले! प्रबंधात आकडा लगेच पडतो. ही घाई परीक्षकांनीच अडवायला हवी.

राजुरीजवळ, कुकडीकाठच्या बोरीत ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रातल्या टोबाची मानली जाते. तिच्या वयावर संशोधकांत बरीच वर्षं जुंपली. कुणी 75 हजार वर्षं म्हणतं, कुणी कित्येक लाख. पण ती मुख्यतः काच आहे, यावर वाद नाही. काचेत स्फटिकाची घडीच नसते, म्हणून तिथे सुळक्याऐवजी सात-आठ अंश पसरलेला फुगवटा येतो. ती रुंदी पॉल शेररच्या 1918 च्या सूत्रात घाला. सूत्र निमूट सांगतं: स्फटिक साधारण 1 नॅनोमीटरचा. जो मुळात नाहीच, त्याचं माप!

दुसरी गंमत कानशीची. विल्यमसन आणि हॉल यांनी 1953 साली कानशीने घासलेल्या अ‍ॅल्युमिनिअम आणि टंगस्टनच्या किसावर काम केलं. असा कीस चिमटीत खरखरतो, तरी त्याचे सुळके रुंद येतात. कारण घासताना धातू आतून पिळवटतो. अणूंच्या थरांमधलं अंतर कुठे जरा वाढतं, कुठे घटतं. हा ताण.

मग लहानपण कुठलं आणि ताण कुठला?

एकाच सुळक्यावरून ते कळत नाही. 30 अंशांवरचा आणि 120 अंशांवरचा सुळका शेजारी ठेवावा. रुंदी निव्वळ लहान स्फटिकांमुळे असेल, तर ती जेमतेम दुप्पट होते. निव्वळ ताणामुळे असेल, तर जवळपास साडेसहापट. बहुतेक नमुन्यांत दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून अनेक सुळके एका रेषेवर मांडायचे: रेषेचा चढ ताण सांगतो, अक्षावरचा छेद आकार. (तोही स्फटिकाच्या अखंड तुकड्याचा; एका कणात असे अनेक तुकडे मावतात.) त्याआधी यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायची. त्यासाठी लँथॅनम हेक्झाबोराइडसारखी प्रमाणित पूड वापरतात. हे काम एका दुपारचं.

शंका उरलीच, तर किसाला भट्टीत नीट तापवून पुन्हा आलेख काढावा. ताण सुटतो, सुळके बारीक होतात. फार तापवलं तर स्फटिकही वाढतात आणि गोंधळ परत येतो, तेव्हा तापमान लिहून ठेवलेलं बरं.